विहीणबाईंचा व्हॉल्व्ह

हॅलो?… हो, सुनेत्राच. माझा फोन दुसरं कोण उचलणार? बोल राजू… आवाज काहून असा, तोंडात काही आहे का?… अच्छा, दाढ. गालही सुजला? मग बड्या फुहाऱ्याच्या बाजारात काय करून राहिली, जलेबी घ्यायला गेलीस?…

दवाखान्यात? कोणाच्या?… दिवाकररावांच्या! अगं, आपल्या मेघनाचे होणारे चुलतसासरे ते! मुलीचा साखरपुडा व्हायचा आहे अजून, आणि तू व्याह्यांपुढे आ वासून बसणार?… हो, हो… मेघनाने यशोधनला सांगितलं, त्याने काकांना, आणि त्यांनीच बोलावलं. बरं. जबलपुरात मराठी घरं ती किती, दाढ कुठेही दाखव, डॉक्टर सोयराच निघतो.

आजच काढणार? थांब, थांब. त्यांना व्हॉल्व्हचं सांगितलंस?… राजू, मी विचारून राहिली… नाही? काहून नाही?

दाढेचा छातीशी काय संबंध, हे तू मला विचारतेस! नागपूरला ऑपरेशननंतर डॉक्टर काय म्हणाले? मी बाजूलाच उभी होती. दातांचं काही करायचं तर सांगायचं, आधी अँटिबायोटिक, मग चिमटा. हिरडीतून रक्त आलं की तोंडातले जंतू त्यात शिरतात आणि जाऊन बिऱ्हाड करतात तुझ्या त्या धातूच्या व्हॉल्व्हवर. मग निघता निघत नाहीत. जीव जातो माणसाचा… भीती नाही घालून राहिली, खरं ते सांगून राहिली. आणि रक्त पातळ करायची गोळी?… चालू आहे न? चलो, तेवढी तरी अक्कल शिल्लक आहे. तेही सांग.

काय?… लग्न मोडेल? आईला आहे ते मुलीलाही असेल म्हणतील?… अगं ऐक ना! तुझं हृदय लहानपणच्या त्या सांध्यांच्या तापाने बिघडलं. ताप तुला आला होता, मेघनाला नाही.

घड्याळ? कोणतं?… आप्पांचं, चावीचं? अरे देवा! छातीतली टिकटिक घड्याळाची वाटावी म्हणून बांधलंस?… बैठकीलाही म्हणूनच? मला वाटलं वडिलांच्या आठवणीने. माझे तर डोळे भरून आले होते, बाई!

हे बघ, लपवून जमलेल्या सोयरिकीचं काय लोणचं घालायचं? उद्या तूच नसलीस तर मेघनाची पाठवणी कोण करेल? मी नाही करणार, सांगून ठेवते. दोघीच उरलो आपण. मला तू पाहिजे आहेस, राजू.

…नाव पुकारलं? जा. पण खुर्चीत बसायच्या आधी फोन त्यांना दे… दे म्हणते न!

नमस्कार, दिवाकरराव. मी सुनेत्रा, राजश्रीची मोठी बहीण… हो हो, बैठकीतले लाडू माझेच. ऐका, दाढेला हात लावू नका. तिच्या हृदयात धातूचा व्हॉल्व्ह आहे. आम्ही सांगितलं नाही, चूक आमची… जी?… तुम्हाला माहीत होतं?… हो, शेजारीच बसला होतात… टिकटिक, हो, ते घड्याळ… बंद होतं? काटे हलतच नव्हते?… अगंबाई!

आणि घरी?… सगळ्यांना सांगितलंत? मुलाच्या आईलाही?… तरी होकार दिलात?…

हो, आहे लाइनवर… नाही, रडून नाही राहिली, सर्दी आहे… अच्छा, स्वतःहून सांगते का, ते पाहत होतात. आधी नागपूरच्या डॉक्टरांना विचाराल, मगच दाढ काढाल. बस, बस. द्या तिला.

राजू? ऐकलंस?… रडू नको, गाल दुखेल… मागून काय म्हणून राहिले ते?… ‘विहीणबाई, पाणी घ्या’? घे न मग!

आणि ते बंद घड्याळ काढ, पर्समध्ये टाक… टाकलंस? आता फोन छातीशी धर बरं जरा… धर गं…

हं… ऐकू येऊन राहिलं.

चल, ठेवते.