नाणं तळाशी

डॉक्टर : घाई करू नका, काका. सकाळी आल्यापासून काय काय केलंत, ते क्रमाने सांगा.

तंत्रज्ञ : आठ वाजून दहा मिनिटांनी प्रयोगशाळेचं कुलूप काढलं. खिडकी उघडली, कोट चढवला. मोठ्या फ्रीझरवरचा आकडा पाहिला : उणे ऐंशी. वहीत लिहिला. मग रोजच्यासारखं दार उघडून पेला पाहिला.

डॉक्टर : तुमचा तो पेला! पाणी गोठवायचं आणि वर नाणं ठेवायचं. किती हसायचो आम्ही.

तंत्रज्ञ : बर्फ वितळला नाही, तर नाणं वरच राहतं, मॅडम. आज ते तळाशी आहे.

डॉक्टर : तळाशी?

तंत्रज्ञ : रखवालदाराला विचारलं. शनिवारी या मजल्याची वीज गेली, ती सोमवारी आली. कळवलं का नाहीस, तर म्हणाला, सुट्टीत वीज कुणाला हवीय! सगळं वितळलं आणि पुन्हा गोठलं. बाहेरून काही कळत नाही.

डॉक्टर : आतलं तापमान चढलं तेव्हा फ्रीझरचा भोंगा वाजायला हवा होता.

तंत्रज्ञ : तो तीन महिने बंद आहे. दुरुस्तीचा अर्ज खरेदी विभागात झोपा काढतोय.

डॉक्टर : पण वहीत सुट्टीचे चारही दिवस उणे ऐंशी आहे. अक्षर तुमचंच आहे.

तंत्रज्ञ : ते मी शुक्रवारीच लिहून ठेवलं होतं. नातीकडे जायचं होतं. अकरा वर्षांत तो आकडा कधी हललाच नव्हता.

डॉक्टर : काका!

तंत्रज्ञ : बोला. काय बोलायचं ते बोला.

डॉक्टर : बोलून काय होणार? एकशे त्रेसष्ट मुलांचं रक्त होतं त्या फ्रीझरमध्ये, औषध सुरू करण्याआधीचं. आता प्रत्येकाच्या अंगात औषध आहे. ते रक्त पुन्हा कुठून आणू?

तंत्रज्ञ : आणि सरकारी अनुदानाचा अर्ज?

डॉक्टर : आज बारापर्यंत जायला हवा. एकच रकाना उरलाय : नमुन्यांची सद्यःस्थिती. ‘उत्तम’ लिहिलं तर तिसऱ्या वर्षाचं अनुदान मिळेल. खरं लिहिलं तर विचारतील, आता तपासायला उरलं काय? अनुदान थांबलं की औषधही थांबतं. कपाटात सहा आठवड्यांपुरतं आहे.

तंत्रज्ञ : म्हणजे जी मुलं आत्ता कुठे भिंत धरून उभी राहायला लागली...

डॉक्टर : ती पुन्हा खाली बसतील.

तंत्रज्ञ : मग ‘उत्तम’ लिहा. रखवालदाराला कोण विचारतंय? नाणं मी परत वर ठेवतो. पाच मिनिटांचं काम आहे.

डॉक्टर : सांगायला तुम्हीच आलात, आणि आता तुम्हीच...

तंत्रज्ञ : आलो तेव्हा वाटलं, फार तर माझी नोकरी जाईल. तेवढी तयारी होती. मुलांचं औषध जाईल, हे डोक्यातच आलं नाही.



डॉक्टर : तुम्ही म्हणालात ते माझ्याही ओठांवर होतं. पण पुढचं बघा. हे खराब रक्त मी यंत्रात घालणार. यंत्र कधी नाही म्हणत नाही, काहीतरी आकडे देणारच. त्यांवरून औषधाची मात्रा ठरेल, पुढच्या हजारो मुलांची. कुणाला ती अपुरी पडेल, कुणाला विषासारखी बाधेल. तेव्हा आपल्याला कोण सावध करणार?

तंत्रज्ञ : आणि या मुलांचं काय?

डॉक्टर : माहीत नाही. खरंच माहीत नाही, काका... लिहितेय, ऐका. ‘सर्व नमुने वितळून निकामी झाले आहेत. संशोधनाचे अनुदान नाकारले, तरी मुलांना औषधाचा पुरवठा वर्षभर चालू ठेवावा, ही विनंती.’

तंत्रज्ञ : ऐकतील?

डॉक्टर : विनंतीला अर्जात जागाच नाही. त्याच रकान्यात कोंबलीय.

तंत्रज्ञ : माझी चूकही लिहा.

डॉक्टर : ती वहीत तुम्हीच लिहा. त्या चार ओळी एका रेघेने खोडा, खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूला खरं कारण आणि सही. खाली मी सही करते. भोंग्याच्या मागे लागायचं काम माझं होतं.

तंत्रज्ञ : ही घ्या वही... झाली सही.

डॉक्टर : अर्जही गेला. आता पालकांची यादी काढा.

तंत्रज्ञ : वरून उत्तर येईपर्यंत थांबू या का?

डॉक्टर : नको. आज कळलं तर आईबाप आणखी चार दारं तरी ठोठावतील. पहिला नंबर लावा. बोलते मी.