दगडावर पहिलं नाव कुणाचं

...आणि वर मलाच म्हणतात, "राजीव, यू आर ग्रँड!" अहो, कसला डोंबलाचा ग्रँड? तुम्हाला सांगतो, नऊ महिने, नऊ मीटिंगा, आणि विषय एकच, दगडावर पहिलं नाव कुणाचं!

म्हणजे झालं असं, आयरिश राजधानीत, सँट्रीला, दोन खोल्यांचं भाडं ऐकलं आणि बायको, उल्का, म्हणाली, त्यापेक्षा खेड्यात घर बघ, म्हणून आम्ही आलो इकडे. इथे दोन गावं, बॅलिनशी आणि किलद्रुम, मध्ये ओढा, ओढ्यावर पूल, आणि पुलाच्या बॅलिनशीकडच्या टोकाला आमचं घर. दोन्ही गावांना यंदा चारशे वर्षं झाली. वर्ष एकच, महिना कुणालाच माहीत नाही, त्यामुळे दोन्ही थोरली! तर आमचे फादर डेक्लन म्हणाले, सोहळा एकत्र करू, पुलावर दगड बसवू, दोन्ही नावं कोरू. आणि कमिटीचा अध्यक्ष? राजीव! मी असा हरखलो... घरी येऊन म्हटलं, उल्का, नऊ वर्षांनी का होईना, गावाने आपलं मानलं गं. मग फादरना सहज विचारलं, मीच का हो? तर म्हातारा चहात बिस्कीट बुडवत म्हणतो, "कारण तू कुणाचाच नाहीस."

लागलं ना हो मनाला. पोरगी स्वरांगी इथल्या शाळेत आयरिशमध्ये कविता पाठ करते, मी हर्लिंगच्या मॅचला पावसात उभा राहून घसा फोडतो, कोण जिंकतंय ते कळत नसताना, आणि मी कुणाचाच नाही? स्वरांगीला हे सांगायला गेलो तर ती म्हणे, "डॅड, स्टॉप, आय'म मॉर्टिफाइड."

बरं, कमिटीत माणसं सहा-सहा. बॅलिनशीची पुढारी नोरीन, आमच्या घराशेजारी तिचं दुकान. किलद्रुमचा डोनल, रिटायर्ड पोस्टमन. मतं सहा विरुद्ध सहा, आणि निर्णायक मत अध्यक्षाचं, म्हणजे माझं. पण मी काय कच्चा आहे? कोथरूडच्या सोसायटीत सात वर्षं सेक्रेटरी होतो, नुसत्या लिफ्टच्या विषयावर चार चेअरमन जिरवलेत. मिनिट्समध्ये एकच वाक्य लिहायचं, "पुढील सभेत विचार करण्यात यावा." आठ सभा ढकलल्या अशा! एबीसीडीप्रमाणे लावू म्हटलं, तर डोनल म्हणतो, शाळेची हजेरी आहे का ही? दोन बाजूंना दोन नावं कोरू म्हटलं, तर नोरीन म्हणते, मग मागची बाजू कुणाची? उल्का म्हणाली, "अरे, देऊन टाक ना एकाला मत, जीव सुटेल." कसं देऊ? दिलं की अर्धी माणसं तुटली. जो कुणाचाच नाही त्याला दोन्हीकडच्यांना धरून राहावं लागतं, तिला काय कळणार!

नवव्या सभेत नोरीन वैतागली. हॅमचं सँडविच हातात, आवाज एकदम गोड, "हात वर कर ना, राजीव, आणि संपव. तुला काय फरक पडतो? तुझ्या गावाचा थोडाच आहे दगड?"

तुम्हाला सांगतो, डोकंच फिरलं. फरक पडत नाही? मला? सात वर्षांची सेक्रेटरीगिरी गेली चुलीत, केला हात वर आणि म्हटलं, किलद्रुम पहिलं!

बारा आयरिश माणसं एकाच वेळी गप्प बसलेली मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. फादरनी छातीवर क्रुसाची खूण केली.

मग काय, दगड बसला, बँड वाजला, सोहळा ग्रँड झाला म्हणे. दुसऱ्या दिवशी दूध आणायला नोरीनकडे गेलो. नऊ वर्षं ही बाई मला रोज हवामान सांगते, मी नखशिखांत भिजून उभा असलो तरी सांगते, "पाऊस आहे हं, राजीव." त्या दिवशी दूध सरकवलं, हवामान नाही. माझ्या मागच्या बाईला मात्र सांगत होती, मला नीट ऐकू जाईल अशा बेताने, "बाहेरच्याने केलं असतं तर सोडून दिलं असतं गं. पण हा आपल्यातलाच ना... पुलाच्या अलीकडचा. आपल्याच माणसाने असं करावं?"

अहो, डोळे भरून आले माझे. तिथेच, दूध हातात धरून. म्हटलं चला, निदान किलद्रुमवाले तरी डोक्यावर घेतील. संध्याकाळी त्यांच्या पबमध्ये गेलो, तर डोनल पाठीवर थाप मारून म्हणाला, "फेअर प्ले, राजीव. बॅलिनशीचा असून माणूस बरा निघालास." आणि ग्लास उचलून आपल्या लोकांत जाऊन बसला.

घरी आलो. उल्का विचारते, "मग? ठरलं का एकदाचं, आपण कुणाचे ते?"

म्हटलं, ठरलं. बॅलिनशीचे. वाळीत टाकलेले.