शेगडीचा पाइप आणि पाव किलो लवंगी मिरची

जबाब देणार : सौ. विभा गोविंद टिपणीस, वय ६४ वर्षे, धंदा – शाळेतील पर्यवेक्षिका (निवृत्त), मूळ राहणार सहकारनगर, पुणे. सध्या मुक्काम मुलगी अनघा व जावई सारंग राजवाडे यांच्या भाड्याच्या घरी, मरीन परेड, सिंगापूर.

जबाब लिहून घेणार : सार्जंट सेल्वी. दुभाषी : श्रीमती मीनल. मला इंग्रजी येते, पण चिडले की येत नाही, म्हणून मराठीत सांगत आहे.

मी कोणी न बोलावता, आपण होऊन पोलीस ठाण्यात हजर राहून सांगते की, काल शुक्रवारी संध्याकाळी आमच्या घरामागे जो तिखट वायू पसरला, त्याबद्दल माझे जावई सारंगराव यांनी आपल्याला जे सांगितले ते खरे नाही. त्यांनी स्वतः बसवलेला धुराचा पाइप सदोष होता, असे ते म्हणाले. पाइपात कसलाही दोष नव्हता. दोष माझा होता. ते सांगण्यासाठी मी आले आहे. कोथिंबीर आणायला जाते असे मुलीला सांगून निघाले असल्याने मला फार वेळ नाही.

मी मुलीच्या बाळंतपणासाठी सिंगापूरला आले. आमच्याकडे बाळ-बाळंतिणीला तेल लावून न्हाऊ घातले की शेगडीचा शेक देतात. मी तसे म्हटल्यावर अनघा म्हणाली, "आई, बाहेर बत्तीस डिग्री आहे!" मी म्हटले, "बाहेर असेल. तुझ्या कंबरेला ते कुठे माहीत आहे?" मग मी कोळशाची शेगडी कुठे मिळते याची चौकशी सुरू केली. त्यावर सारंगरावांनी आयुष्यात पहिल्यांदा मला स्पष्ट नाही म्हटले. बंद खोलीत कोळसा पेटवला तर वास न येणारा विषारी वायू साठतो आणि झोपलेले माणूस झोपेतच जाते, असे त्यांनी मला समजावले. माझ्या आजीने अकरा मुले शेकली आणि एकही गेले नाही, असे मी सांगितले. ते म्हणाले, "आई, त्या घराला कौलं होती. इथे खिडक्या सुद्धा रबर लावून बंद होतात."

सारंगराव बुओना व्हिस्टाला एका प्रयोगशाळेत संशोधक आहेत. लाकडाचा भुसा दाबून त्याच्या बोटाच्या पेराएवढ्या कांड्या करतात, त्यांना पेलेट म्हणतात. त्या कांड्या स्वच्छ कशा जाळाव्यात हाच त्यांचा अभ्यास आहे. माझे आणि कोळशाचे भांडण मिटवायला त्यांनी पेलेटची एक छोटी शेगडी घरी आणायचे ठरवले. घरमालकांची लेखी परवानगी घेतली. मागच्या, फरशी असलेल्या धुण्याच्या खोलीत ती बसवली. परवानाधारक माणूस बोलावून बाहेरच्या भिंतीला भोक पाडून घेतले आणि भोकात लोखंडी बाही घातली, म्हणजे गरम पाइप भिंतीला टेकत नाही. पाइप दुहेरी पत्र्याचा आहे. तो बाहेर निघून वर जातो, टोकाला पावसासाठी टोपी आहे आणि शेजारच्या खिडक्यांपासून तो बराच लांब आहे. खोलीत विषारी वायू साठला की वाजणारी शिट्टी लावली. शेवटी माझ्याकडून उदबत्ती मागून घेतली आणि प्रत्येक जोडापाशी धरून धूर कुठे हलतो का, ते गुडघ्यावर बसून पाहिले. या सगळ्याला दोन शनिवार-रविवार गेले. मी या पाइपाला सर्वांदेखत "नळकांडे" म्हणत असे, आणि एका बाळाच्या शेकासाठी साखर कारखाना उभारला, असेही म्हणाले होते.

शेक मात्र उत्तम होत असे. खोलीत धुराचा वाससुद्धा नाही. हे मी त्यांना कधी सांगितले नाही.

काल दुपारी बाळाला बघायला सारंगरावांच्या ऑफिसमधली मंडळी आली. सारंगराव स्वतः कामावरच होते. त्यांत विनीता नावाच्या एक बाई होत्या. बाळ किती गुटगुटीत आहे, असे त्या पुन्हा पुन्हा म्हणाल्या. बाई चांगल्या आहेत, माझी तक्रार नाही. परंतु मंडळी गेल्यावर बाळाने जे भोकाड पसरले ते काही केल्या थांबेना. पोट तपासले, कपडे बदलले, घुटी दिली. अनघाही रडायच्या बेताला आली. तेव्हा मी बाळाची दृष्ट काढायचे ठरवले.

दृष्ट म्हणजे काय, असे विचारल्यावरून सांगते की, लहान मुलाला कुणाची नजर लागली तर मीठ, मोहऱ्या आणि लाल मिरच्या मुठीत घेऊन त्याच्यावरून ओवाळतात आणि विस्तवात टाकतात. ठसका लागला तर नजर नव्हती असे समजायचे. मिरच्या जळूनही ठसका लागला नाही, तर जबरदस्त नजर लागली होती. हा नियम मी केलेला नाही.

मुलीच्या ओट्यावर विजेची शेगडी आहे. तिच्यावर तवा तापतो पण विस्तव दिसत नाही. घरात खरा विस्तव एकच, तो पेलेटच्या शेगडीत. मी तिचे दार किलकिले करून पाच मिरच्या आत टाकल्या आणि दार लावून वाट पाहिली. ठसका नाही. नाकाला चुरचुर सुद्धा नाही. मी पुन्हा ओवाळून मूठभर टाकल्या. तरीही काही नाही. बाळ रडतेच आहे. एवढी नजर मी उभ्या आयुष्यात पाहिली नव्हती. मग मी पुण्याहून आणलेली लवंगी मिरचीची पिशवी, अंदाजे पाव किलो, सबंध आत रिकामी केली.

सारंगरावांचा पाइप इतका चोख होता की मिरचीच्या धुराचा एक कण घरात राहिला नाही. शेगडीतल्या पंख्याने तो सगळा बाहेर नेला. वारा समुद्राकडून होता. शेजारच्या अंगणात श्री. को यांच्या ऐंशीव्या वाढदिवसाची मंडळी जेवायला बसली होती. जावयांनी खिडक्यांपासून अंतर मोजले होते. सासूकडची मिरची त्यांनी हिशेबात धरली नव्हती, आणि ती कोणी धरणारही नाही.

पहिल्यांदा खोकल्याचा आवाज आला तेव्हा मला बरे वाटले. मला वाटले, चला, ठसका लागला एकदाचा. नंतर खुर्च्या पडल्याचा आवाज आला आणि सगळीच मंडळी खोकू लागली. कुंपणावरून सौ. को डोळे पुसत ओरडल्या, "आंटी! व्हॉट यू कुकिंग, आह?" मी म्हटले, "नथिंग." ते अक्षरशः खरे होते. तोवर गल्लीतल्या कोणीतरी पोलिसांना आणि अग्निशामक दलाला फोन केला होता.

आपले लोक तोंडाला मास्क लावून आले तेव्हा सारंगराव नुकतेच बसमधून उतरत होते. मी दारात उभी होते. हातात रिकामी पिशवी होती. त्यांनी पिशवी पाहिली, शेगडी पाहिली, माझ्याकडे पाहिले, आणि त्यांना सगळे कळले असे मला त्यांच्या तोंडावरून दिसले. त्यांनी पिशवी माझ्या हातातून घेऊन खिशात घातली आणि पोलीस अधिकाऱ्यांना म्हणाले, "शेगडी माझी आहे. पाइप मी बसवला. माझं काम चुकलं असणार." मी बोलू लागले तर मला म्हणाले, "आई, तुम्ही आत बाळाजवळ जा."

मी आत गेले. बाळ गाढ झोपले होते.

रात्रभर मला झोप लागली नाही. ज्या माणसाचा अभ्यासच धूर स्वच्छ बाहेर नेण्याचा, त्याने पोलिसांच्या कागदावर आपला पाइप चुकला असे लिहून द्यायचे, ते माझ्या मिरच्यांसाठी. हा कागद प्रयोगशाळेत गेला तर त्यांच्या कामावर कोण विश्वास ठेवणार? त्यांचा इथे कायम राहण्याचा अर्जही विचाराधीन आहे. माझ्यामुळे त्यांच्या नावाला बट्टा लागलेला मला चालणार नाही. जो काही ठपका असेल तो माझ्या नावावर लिहावा. मी पुढच्या महिन्यात परत जाणार आहे, माझे काही अडत नाही.

आज सकाळी मी को मंडळींकडे जाऊन माफी मागितली. कोणालाही इजा झालेली नाही. श्री. को म्हणाले की त्यांचे पंधरा दिवस चोंदलेले नाक मोकळे झाले आहे. त्यांनी मला केक दिला.

सार्जंट सेल्वी यांनी मला सांगितले की कोणाची तक्रार नसल्याने गुन्हा नोंदवला जाणार नाही, पाइप सदोष असल्याची नोंद दुरुस्त केली जाईल आणि मला तोंडी समज देण्यात येत आहे. समज मला मिळाली. त्यानंतर त्यांनी विचारले की मिरच्या ओवाळताना वरून खाली आणता की गोल फिरवता, कारण त्यांची तमिळ आजी गोल फिरवत असे. हा प्रश्न तपासाचा नाही, असे त्या म्हणाल्या. मी गोलच फिरवते.

जबाब संपत आला असताना सारंगराव छत्री घेऊन धापा टाकत आत आले. अनघाने त्यांना सांगितले होते की कोथिंबिरीला एवढा वेळ लागत नाही. "आई, काय हे? कशाला आलात?" म्हणाले. मी सार्जंटना आतापर्यंतचा जबाब त्यांना वाचून दाखवायला सांगितले. ते मान खाली घालून ऐकत होते. पाव किलोपाशी त्यांनी मान वर केली.

"आई, पाव किलो? आणि आत खरंच काहीच वास आला नाही?"

"काही नाही हो. शपथेवर सांगितलंय."

"शिंक सुद्धा नाही? एकाही जोडातून नाही?"

मी नाही म्हटले. तेव्हा पोलीस ठाण्यात सर्वांसमोर ते लहान मुलासारखे हसले. अशी कडक परीक्षा प्रयोगशाळेतही झाली नव्हती, असे ते म्हणाले. इतका आनंदी चेहरा मी त्यांचा लग्नातही पाहिला नव्हता, आणि लग्नात मी तो नीट पाहिलाच नव्हता हेही खरे आहे. एकुलती एक मुलगी इतक्या लांब नेणारा माणूस म्हणून मी त्यांच्याकडे पाहत होते.

हा जबाब श्रीमती मीनल यांनी मला मराठीत मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितले तसाच तो लिहिला आहे. "नळकांडे" हा शब्द मी बोलले होते, म्हणून तो राहू द्यावा. त्याखाली एवढे जोडावे, की पाइप उत्तम आहे. तसेच जावयाची दृष्ट मी आजवर काढलेली नाही, ती आज संध्याकाळी काढणार आहे. मिरच्या विस्तवात टाकणार नाही, पाण्यात टाकीन. समक्ष सही केली.

सही : विभा गोविंद टिपणीस