पंपाखालचं पेट्रोल आणि माझं वाकणं

...आणि वर मलाच विचारतात, "ताबुची, इतका वाकलास कशाला?" अहो, इतका म्हणजे किती? टेप लावून वाकतं का कुणी? तुम्हाला सांगतो, आमच्या गावात साधा खड्डा खणायचा तरी आधी शेजारीपाजारी भेट म्हणून टॉवेलचा खोका घेऊन जायचं, कमरेत वाकायचं, "त्रास होईल, माफ करा" म्हणायचं... रीतच आहे! आणि माझा तर पेट्रोलपंप. वडिलांच्या वेळची टाकी, जमिनीत पुरलेली, आणि विकतोय त्यापेक्षा जास्त पेट्रोल कमी व्हायला लागलं. गळतंय म्हणावं, तर जातंय कुठे? आता जमिनीखालचं कुणाला दिसतंय, सांगा!

मग तपासायला हानेदाबाई आल्या. यंत्राने भोकं पाडायची, नळीतून माती काढायची, बरणीत भरायची, खालचं पाणी उपसून बाटलीत घ्यायचं... आणि मध्येच मातीचा वास घेऊन "हंऽऽ" म्हणायचं. नुसतं "हंऽऽ"! इकडे माझा जीव टांगणीला. कारण समोर मिनेगिशी आजोबांचं तोफूचं, म्हणजे सोयाबीनच्या पनीरचं, दुकान, आणि त्यांचा तोफू सगळा त्यांच्या विहिरीच्या पाण्यावर. त्यात पेट्रोल उतरलं की दुकान संपलं! आणि दुकान गेल्यावर म्हातारा जगायचा नाही हो, खरंच सांगतो.

बायको, आमची फुसाए, म्हणाली, "अहो, आजोबांकडे आधी जा. आणि नीट वाका, नुसती मान हलवून येऊ नका." गेलो. भर रस्त्यात, दुकानाच्या दारात, नीट वाकलो... आणि कंबर धरली! वरच येता येईना! आजोबा म्हणतायत, "पुरे पुरे, ताबुचीसाहेब," आणि मी तसाच, जमिनीकडे बघत. पलीकडून कुजबुज ऐकू येतेय, "अगं बाई, अजून वाकलाय! म्हणजे विहीर गेलीच!" झालं! दुसऱ्या दिवशी तोफूच्या दुकानात चिटपाखरू नाही.

यथावकाश निकाल आला. हानेदाबाई म्हणाल्या, "गळलंय. पण इथलं पाणी जमिनीखालून विहिरीच्या उलट्या दिशेने वाहतं. विहीर स्वच्छ आहे. पेट्रोल सगळं तुमच्या घराखाली गेलंय." मी टाळ्याच वाजवल्या! बाई घाबरल्या. "ताबुचीसाहेब, तुमच्या घराखाली म्हटलं मी!" म्हटलं, हो हो, कळलं, फार छान झालं!

तो निकालाचा कागद घरोघर दाखवला. लोक म्हणाले, "हो का? वा वा." आणि तोफू आणायला निघाले शेजारच्या गावाला! कागदावर काय, काहीही छापता येतं; पण माणूस उगाच इतका वाकेल का? शिवाय जमिनीखालचं कुणाला दिसतंय, सांगा! आता माफी मागायची रीत आहे आमच्यात, मागितलेली परत घ्यायची नाही. मग काय, पुन्हा टॉवेल घेतले, पुन्हा दारोदार वाकलो, "मागच्या माफीबद्दल माफ करा." तर लोक म्हणतात, "दुसऱ्यांदा आला! वाढलेलं दिसतंय!"

आणि आजोबा? तोफू वाया चाललाय, डोळे खोल गेलेत, पण मला बघितलं की हसून म्हणायचे, "छे छे, आमच्यामुळे तुम्हालाच त्रास." मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं हो! आमच्याकडे माणूस गोड बोलायला लागला की समजायचं, प्रकरण गंभीर आहे.

शेवटी एका सकाळी पंपावर ही रांग लागलेली, आणि आजोबा ॲप्रनसकट रस्ता ओलांडून आले. "गाढवा! विहीर माझी चकचकीत स्वच्छ, कंबर धरली तुझी, आणि बुडतोय मी? उठता येत नव्हतं तर ओरडायचं होतंस! नुसता ओणवा काय उभा राहिलास, बैला!" मला वाटलं, आता संपलं. तेवढ्यात रांगेतल्या इकुताबाईंनी गाडीचं दार उघडलं. "अय्या! इतकं उघड रागावले? म्हणजे खरंच काही नाही!" आणि गेल्या की तडक समोर! त्यांच्यामागे सगळी रांग! दुपारपर्यंत तोफू खलास. आजोबा दारात उभे, आणि डोळे पुसतायत... रडू आलं मलाही.

आता आमच्या घराची फरशी उखडलीये, खालची माती काढतायत, पाणी उपसतायत, आम्ही दोघं पंपाच्या ऑफिसात झोपतो. कधी संपणार? जमिनीखालचं कुणाला दिसतंय, सांगा! आणि समोर गिऱ्हाईक जरा कमी झालं की आजोबा येतात, पंपावर उभे राहून मला यथेच्छ शिव्या देतात. काल बिचाऱ्यांचा घसा बसला होता. मीच म्हटलं, "आजोबा, जरा जोरात... मागच्या गाडीपर्यंत ऐकू जात नाहीये."