बायडीचे पाय

पाड्यावरचे लोक तारापूरला कामाला गेले असं कोण बोललं तुमाला, मास्तर? पाळकसाहेब? — बोलणारच. ते इथं येऊन दोन वर्षं नाय झाली, पाडा त्यांनी लांबनंच पाहिलाय. तिकडं ते अणुविजेचं बांधकाम निघालं चौसष्टला, आणि पाड्यावरच्या लोकांनी मंडळीत यायचं सोडलं एकसष्टला — जुळवा तुमीच, मी आपली चौथी शिकलेली. आणि इतिहास लिहायला आलो म्हणू नका, शनिवारच्या सभेत तुमी काय सांगणार ते मला कळलंय — चार घरं उरली, प्रार्थनाघर बंद करा. एकवीस वर्षं बायबलबाई हाय मी इथली. हे बंद झालं तर मी सकाळी उठून जाऊ कुठं?

वाचा बरं काय लिहिलंय ते. अमुक पाळक आले, तमुक मडमबाईंनी दवाखाना काढला — बायडीचं नाव हाय का त्यात? नाय ना. कसं असंल, सही करता येत नाय तिला. वारल्यांची बाई ती, त्या डोंगराखालच्या पाड्यावरची. मी नगरकडची, मला यांची बोली येईना. मग मी शुभवर्तमान वाचायची आणि ती आपल्या बोलीत सांगायची — अकरा वर्षं, उन्हातान्हात, दोघी. हरवलेल्या मेंढराची गोष्ट वाचली तर तिनं मेंढराची बकरी केली आणि मधे बिबट्या घातला. असं पुस्तकात नाय गं, म्हटलं. तर म्हणाली, लिहिणाऱ्यानं बकरी राखली नसंल. पण बायका रडल्या ते बिबट्याला, माझ्या वाचण्याला नाय. चाळीस घरं आली ती तिच्या तोंडामुळं. बक्षीस मला मिळालं — ते भिंतीवरचं घड्याळ.

मग गेली का? — सांगते की, घाई काय हाय. आपल्यात प्रीतिभोजनाआधी पाय धुतात, ठाऊकच हाय तुमाला. बायकांची रांग वेगळी, शेजारणीनं शेजारणीचे धुवायचे, कमरेच्या पंच्यानं पुसायचे, परात पुढं द्यायची. बसवायचं काम माझ्याकडं. दर साली मी पाड्यावरच्या बायकांना आपसातच बसवायची — कुणी सांगितलं नव्हतं. कुणी इचारलंही नाय. त्या साली बायडी उशिरा आली, लावणीतनं उठून, आणि सरळ माझ्या शेजारी येऊन बसली. हसली. माझे पाय तिनं धुतले — बोटाबोटांतनं, लेकराचे धुवावेत तसे. परात माझ्या हातात आली. तिनं पाय पुढं केले.

चिखल होता तिच्या पायाला. — नाय, चिखल नव्हता. नदीवर धुवून आली होती ती, टाचेच्या भेगासुद्धा पांढऱ्या दिसत होत्या. चिखलाचं मी मागनं सांगितलं लोकांना. तेव्हा म्हटलं कमरेत उसण भरली, आणि परात तिच्यावरनं पलीकडं दिली, तेव्हाच्या पाळकाच्या लेकीकडं. तिनंही पुढं दिली. बायडी तशीच बसलेली, पाय पुढं करून, गाणं संपेस्तोवर. समोर मडमबाई होत्या, त्यांनी डोळे मिटले होते. मिटले असतील प्रार्थनेला.

माझ्या आजीला गावच्या विहिरीवर वरनं पाणी ओतायचे, मास्तर. त्यापायी ती ख्रिस्ती झाली. त्या आजीची नात मी.

बायडी भांडली नाय. दुसऱ्या रविवारी आली नाय एवढंच, आणि तिसऱ्याला पाड्यावरचं कुणीच नाय. पाळकांनी इचारलं तर मी म्हटलं, भगताच्या नादी लागले असतील — लिहिलंय ना दप्तरात? ते माझंच.

बोलवा तिला म्हणता. तुमी सांगायच्या आधीच गेले होते, या ईस्टरला. परात घेऊन गेले, पंचा बांधून, या वयात. अंगणात बसली होती, केस पिकलेले. मी वाकले, म्हटलं, बायडी, पाय दे. तिनं लुगड्याखाली ओढून घेतले आणि म्हणाली, "पाणी लांबनं आणतो आमी. पायावर नको घालू."

रागानं नाय हो म्हणाली. रागानं म्हणाली असती तर मी बसून राहिले असते दारात.

आता तोंड काय पाहताय माझं? लिहा — नायतर नका लिहू. शनिवारी सांगा, बंद करा म्हणावं, या सोजराबाईची हरकत नाय. उठा, बोईसरची गाडी चुकंल. आणि पाड्यावरनं जाऊ नका, खालच्या रस्त्यानं जा. उन्हाचे आलात म्हणून ती ते लांबनं आणलेलं पाणी प्यायला देईल तुमाला.