यंदाची हळद सुनेच्या हाती

तुमी मला गप्प बसलेलं कधी पाहिलं न्हाई, पण यंदा हळद शिजवायच्या दिवशी मी खरंच गप्प बसले. आमच्या कुरुंद्याच्या शेतात हळद शिजली की न्हाई, हे इतकी वर्षं मीच सांगत आले. यंदा सुनेला, रेखाला, म्हटलं, "आता तूच बघ. मी तोंड उघडणार न्हाई."

पिंपाएवढ्या पहिल्या कुकरची वाफ बंद करून तिनं गड्यांना हळद ताडपत्रीवर ओतायला लावली. मला वासावरनंच कळलं, कच्ची होती. मी बाभळीखालून उठून तिच्याजवळ गेले.

ती शांतपणे म्हणाली, "आत्याबाई, तुमी सांगा, मी ऐकते. पण मग पुढल्या वर्षी बी तुमालाच सांगावं लागंल."

मी परत बाभळीखाली जाऊन बसले आन पदर दातात धरला.

थोड्या वेळानं रेखानं हळदीच्या एका कांडीत काडी टोचली. काडी अर्ध्यातच अडकली. तिनं सगळी हळद पुन्हा कुकरात भरायला लावली.

संध्याकाळी घरी येताना तिनं विचारलं, "तुमाला आधीच कळलं होतं ना? मग काहून बोलल्या न्हाई?"

मी म्हटलं, "बोलले असते, तर तू काडी टोचली असती का?"