शैलाच्या हातचा घास

मी सुनंदा. मूळची चोपड्याकडची, लग्न होऊन बडोद्याला आले ती इथलीच झाले, आता तर माहेरचे लोकसुद्धा म्हणतात की तू बोलता बोलता मध्येच गुजराती होतेस. मिस्टर वाघोडियाच्या एका कंपनीत शिफ्टवर, आणि मी सयाजीगंजात मुलींच्या हॉस्टेलच्या मेसमध्ये पोळ्या करते, एकोणीस वर्षं झाली. सकाळी दोनशे, संध्याकाळी दोनशे. मेसचे महाराज, म्हणजे मुख्य आचारी, नव्या बायकांना सांगतात, सुनंदाबेनचे हात बघा, एक पोळी तव्यावर, दुसरी पोळपाटावर आणि तिसरीचा गोळा हातात तयार. घाई माझ्या अंगात भिनलीय, काय सांगू तुम्हाला, आंघोळ घाईत, देवपूजा घाईत, लग्नात जेवायला बसले तर पंगत उठायच्या आधी माझं ताट रिकामं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं ह्या घाईवरूनच झालं.

आम्ही हरणीला राहतो. त्याच सोसायटीत तीन घरं सोडून माझे दीर आणि शैला, माझी धाकटी जाऊ. ही शैला म्हणजे आधी काय होती, ते सोसायटीत कुणालाही विचारा. नाकावर राग. कामवाली टिकायची नाही, डोकं दुखतं म्हणून दुपारभर दार लावून पडायची, पोरांवर ओरडली की माझ्या स्वयंपाकघरात ऐकू यायचं, आणि मला, खोटं कशाला बोलू, बरं वाटायचं ऐकून. सासूबाई तेव्हा माझ्याकडेच. सव्वीस वर्षं माझ्याकडेच. आई म्हणायच्या, सुनंदा आहे म्हणून माझं चाललंय. ते एक वाक्य मी जपून ठेवलं होतं.

मग सोसायटीतल्या हेमांगीबेननी सकाळी कॉमन प्लॉटवर बायकांना ध्यान शिकवायला सुरुवात केली. सहा वाजता सतरंजी टाकायची, डोळे मिटायचे, वीस मिनिटं आपला श्वास बघायचा, बस, फी नाही, काही नाही. शैला जायला लागली. मी म्हटलं, चार दिवसांचं कौतुक. पण बाई एक दिवस चुकली नाही. थंडीत शाल गुंडाळून जायची. आणि सहा-आठ महिन्यांत तिचं बदललंच हो सगळं. झोप लागायला लागली, डोकं धरून बसणं कमी झालं, कामवाली टिकली. चेहरा असा काही शांत की बघवेना मला. जो तो म्हणायचा, शैलाबेन तो बहु बदलाई गया, सुनंदाबेन, तुम्ही पण बसा ने. तुम्ही पण! म्हणजे मीच आता चिडकी ठरले. जळफळाट झाला माझा, दुसरा शब्द नाही त्याला.

त्यातच आईंना अर्धांगवायू झाला. डावी बाजू गेली, बोलणं थोडं परत आलं, पण माणसांची ओळख कधी असायची, कधी नसायची. मला एकटीला उचलणं-पुसणं झेपेना, म्हणून दोघा भावांनी ठरवलं, एक महिना आमच्याकडे, एक महिना शैलाकडे. एक तारखेला आईंची पिशवी, औषधांचा डबा आणि आई, अशी वरात तीन घरं ओलांडून जायची. तर व्हायचं काय, की शैलाकडे आई वाटीभर भात संपवायच्या, आणि माझ्याकडे आल्या की तोंड घट्ट मिटायच्या. तोच भात, तेच तूप. मी चमचा लावला की मान फिरवायच्या, कधी थुंकायच्या. सकाळी साडेआठला त्यांना भरवून मला नऊची शटल रिक्षा पकडायची असायची. मी म्हणायचे, आई, आ करा, आ करा, उशीर होतोय. दर महिन्याला माझ्याकडून जाताना त्या सुकून जायच्या आणि शैलाकडून येताना तरतरीत. लोकांना दिसतंच ना.

शेवटी मिस्टर म्हणाले, हे बघ, आता तुझा महिना सुरू होतोय, एवढा बघू, नाहीतर आईला कायमची शैलाकडेच ठेवू, तिला जमतंय, ती शांत आहे. मी कणीक तिंबत राहिले. सव्वीस वर्षं माझी, आणि शेवटचा घास शैलाच्या हातचा? का, तर ती डोळे मिटून बसते म्हणून?

ध्यानाला मात्र मी त्याच्या बरंच आधी बसायला लागले होते, कुणाला न सांगता. प्लॉटवर नाही गेले, शैलाच्या मागे जाऊन बसायचं म्हणजे हार मानल्यासारखं. आमच्या अगाशीवर, म्हणजे गच्चीवर, बसायचे, तिथून खाली प्लॉट दिसतो. एक डोळा मिटलेला, एक शैलाच्या शालीवर. ती उठली की मी त्यावर पाच मिनिटं जास्त बसायचे, हे माझं ध्यान! हेमांगीबेन म्हणायच्या श्वास मोजा, तर मी पोळ्या मोजाव्यात तसे श्वास मोजायचे, शंभर झाले, दीडशे झाले, भराभर, आणि दोनशे झाल्यावर एक दिवस मला अशी चक्कर आली की पाण्याच्या टाकीला धरून बसले. दुधाच्या दुकानात हेमांगीबेन भेटल्या, मी हळूच विचारलं, बेन, माझे दोनशे श्वास दहा मिनिटांत उरकतात, पुढे काय करायचं? त्या इतक्या हसल्या. म्हणाल्या, अरे बेन, आ कंई रोटली छे, ही काय पोळी आहे? एक श्वास पूरा जाऊ द्या, मग दुसरा. दुसऱ्याला बोलवायचं नाही, तो येतो.

मला आधी रागच आला. पण तसं करून बघितलं. सोपं नाही हो ते. दोन श्वासांच्या मधे जी जागा असते ना, तिथे माझा जीव कासावीस व्हायचा. पण शैला चुकत नाही तर मी का चुकू, एवढ्या एका हट्टावर मी चार महिने काढले. झोप मलाही लागायला लागली. मेसमधल्या मुलींच्या अंगावर खेकसणं कमी झालं, हे महाराजांनीच सांगितलं. जळणं गेलं का, तर नाही गेलं. पण शैला दिसली की आपण जळतोय हे मला कळायला लागलं, आणि कळलं की तोंडातून वाकडा शब्द जायचा तो थांबायचा.

तर तो शेवटचा महिना. चार-सहा दिवस तसेच गेले, आई दोन घासांवर मान फिरवायच्या. एका सकाळी त्यांनी भात थुंकला तो थेट माझ्या पदरावर. आधीची मी असते तर चमचा आपटला असता. त्या दिवशी काय झालं कोण जाणे, मी नुसती बसले. एक श्वास गेला, दुसरा आला. आणि बसल्या बसल्या आईंच्या गळ्याकडे लक्ष गेलं. थुंकला त्याच्या आधीचा घास अजून तिथेच होता. त्या गिळायचा प्रयत्न करत होत्या, थांबत होत्या, परत करत होत्या, आणि आतापर्यंत दर वेळी मी त्याच्यावर पुढचा चमचा कोंबत होते. देवा रे! दुसरी पोळी पहिलीच्या आधी.

मी वाटी खाली ठेवली. घास पूर्ण उतरला, मग दुसरा दिला. नऊची शटल गेली, महाराजांचा फोन वाजत राहिला, मी उचलला नाही. वाटी संपायला तास लागला, पण संपली. आईंनी चांगला हात उचलून माझ्या गालावर ठेवला आणि म्हणाल्या, दमलीस गं शैला.

काय वाटलं असेल मला, सांगा तुम्ही. ओठांवर आलं होतं, आई, मी सुनंदा आहे. पण त्यांचा हात गालावर होता. मी म्हटलं, हो आई, दमले.

आता मिस्टर काही म्हणत नाहीत, दोन्हीकडे आई नीट जेवतात. मी महाराजांना सांगून दहाला जाते, एक पोर आधी गोळे करून ठेवते. शैला विचारत होती, वहिनी, तुमच्याकडे आई आता खातात कशा, काय करता? मी म्हटलं, काही नाही, तूप जरा जास्त घालते. अगाशीचं नाही सांगितलं. तेवढं माझं मला राहू दे.

परवा एक तारीख होती. पिशवी भरली, आईंना धरून निघाले. शैलाच्या दारापाशी आई अडल्या, माझा हात घट्ट धरला आणि माझ्याकडे बघून रडवेल्या झाल्या. म्हणाल्या, शैला, मला नको गं तिकडे पाठवूस, तिकडे सुनंदा आहे, ती फार घाई करते.

आतून शैला येतच होती. मी आईंचे डोळे पुसले. म्हटलं, नाही हो आई, ती आता घाई नाही करत. तुम्ही जा, मी आहे. आणि त्यांचं पाऊल उंबऱ्यावर चढेपर्यंत थांबले.